आडात नाही तर पोहऱ्यात कुठून?

गेल्या रविवारी उपासना आटोपल्यावर आमच्याकडे तरुण संघाची बैठक झाली आणि बैठकीत चक्क भांडण झालं. विषय तसा साधा होता. थंडी सुरू झाली आहे, जिवतीच्या पहाडावरच्या कोलामांच्या गुड्यांवर ब्लँकेटं घेऊन जायचं की नाही?

मंडळीतले एक वडीलधारे म्हणाले, "आधी प्रार्थना वाढवा. आधी देवाशी आपलं नातं घट्ट होऊ द्या. मग सेवेचं बघू."

त्यावर एक पोरगा पटकन म्हणाला, "काका, तोवर थंडी संपून जाईल."

सगळे हसले. मग कुणीच हसेना. काकांचा चेहरा पडला, पोरगाही ओशाळला. मी शाळेत तीस वर्षं मुलांची भांडणं सोडवली, पण त्या दिवशी मला एक वाक्य सुचलं नाही. कारण खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटलं होतं.

घरी येऊन जुनी पुस्तकं काढून बसले. आठवडाभर तोच विचार. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहून ठेवते आहे. थोडा इतिहास आहे, थोडं मनातलं. लांबलंय, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी भांडणाची पार्श्वभूमी सांगायला हवी, नाहीतर काका उगाच खडूस वाटतील.

तीन हिवाळ्यांपूर्वी आम्ही खरंच पहाडावर गेलो होतो. दोनदा. ब्लँकेटं, थोडी औषधं, मुलांसाठी पाट्या आणि बिस्किटं. रस्ता वाईट, पण उत्साह दांडगा. दुसऱ्या खेपेला एका म्हातारीने ब्लँकेट घेतलं, अंगाभोवती गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून विचारलं, "मंग कवा येता जी?"

मी म्हटलं, "पुढच्या महिन्यात. नक्की."

आम्ही गेलो नाही. पुढच्या महिन्यात नाही आणि त्यानंतरही नाही. का, तर बॅनरवर कुणाचं नाव आधी, हिशेब कुणी ठेवायचा, फोटोत कोण होतं आणि कोण नव्हतं... असल्या गोष्टी. कुणी चोरी केली नाही, कुणी खोटं बोललं नाही. आम्ही नुसते आटलो. माझी आजी असती तर म्हणाली असती, "आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार गं?" आजी नगरकडची. आजोबा बल्लारपूरच्या कागद कारखान्यात लागले तेव्हा इकडे आली आणि येताना नारायण वामन टिळकांचे अभंग आणि पंडिता रमाबाईंच्या गोष्टी घेऊन आली. ती म्हण तिच्या तोंडी कायम असायची.

तर काकांना तीच भीती होती. पुन्हा जाल, पुन्हा आटाल, आणि त्या म्हातारीला पुन्हा खोटं वचन देऊन याल.

आमच्याकडे या विषयावर प्रवचन म्हटलं की मार्था आणि मरीयेची गोष्ट ठरलेली. लूकच्या शुभवर्तमानात आहे. येशू त्यांच्या घरी येतो, मार्था स्वयंपाकपाण्यात बुडालेली, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकते. मार्था तक्रार करते, आणि येशू मरीयेची बाजू घेतो. बायकांच्या सभेत ही गोष्ट निघाली की मागच्या रांगेतून हमखास कुजबुज येते, "मग जेवण कोणी केलं असतं?" प्रश्न रास्त आहे :)

त्याहून मला मार्कमधला एक छोटासा तपशील जास्त बोलका वाटतो. येशूने बारा शिष्य निवडले ते कशासाठी, हे सांगताना मार्क पहिलं कारण देतो की त्यांनी त्याच्याजवळ राहावं. पाठवणं त्यानंतर येतं. क्रम स्पष्ट आहे. पण हे शिष्य पूर्ण तयार झाल्यावर पाठवले, असं मात्र कुठेच नाही. थोड्याच दिवसांत ते दोघा-दोघांनी गावोगाव निघाले होते, अर्धंमुर्धं समजलेले असतानाच.

म्हणजे काकाही बरोबर आणि पोरगाही. असो. शास्त्रावर माझा अधिकार नाही. इतिहासाकडे येते.

आजीच्या गोष्टीतल्या रमाबाई फार मोठ्या होत्या. केडगावला हजारो मुली सांभाळणाऱ्या, सगळ्यांसाठी देवाकडे मागणाऱ्या. त्यामुळे मला लहानपणी वाटायचं की या बाई आधी मोठ्या भक्त झाल्या आणि मग सेवा करायला निघाल्या. नंतर स्वतः वाचलं तेव्हा कळलं की गाडी बरीच उलटी चालली होती.

रमाबाई जन्मल्या १८५८ साली. वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला आणि मुलींना संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष पत्करलेला हा माणूस. कुटुंब तीर्थयात्रा करत, पुराणं सांगत देशभर फिरलं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेली. उरलेली बहीणभावंडं पायी हिंडत १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली. तिथे त्यांच्या संस्कृत ज्ञानाने पंडित थक्क झाले, 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी बिपिन बिहारी मेधावी यांच्याशी लग्न, मग मुलगी मनोरमा, आणि १८८२ मध्ये पतीचं निधन. वय वर्षं तेवीस. पुण्यात येऊन त्यांनी लगेच आर्य महिला समाज काढला, हंटर आयोगापुढे साक्ष देऊन बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असं सांगितलं. ख्रिस्ती धर्माचा संबंध अजून यायचा होता, आणि सेवा सुरू झालेली होती.

१८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, वाँटेज गावच्या ख्रिस्ती सिस्टरांकडे राहिल्या. त्या सिस्टर लोकांचं लंडनमधल्या फुलम भागात एक घर होतं. ज्या बायकांना समाजाने 'बिघडलेल्या' म्हणून टाकलं, त्यांना तिथे ठेवून घेत, शिकवत, उभं करत. रमाबाई ते बघून हलल्या. आपल्याकडे अशा बाईवर कुणी दया केलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी विचारलं, तुम्ही हे का करता? उत्तरादाखल एका सिस्टरने त्यांना योहानातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली. विहिरीवरची ती बाई, आणि तिच्याशी आदराने बोलणारा येशू.

हे वाचताना मी थांबले. रमाबाईंना ख्रिस्त कुठून दिसला? दुसऱ्या कुणाच्या सेवेतून. पोहऱ्यातलं पाणी पिऊन त्यांना आड सापडला. आणि त्या सिस्टर लोकांकडे "हे का करता" या प्रश्नाला तयार उत्तर होतं, तेही विसरून चालणार नाही. आम्हाला पहाडावर कुणी तसं विचारलं असतं तर आम्ही काय सांगितलं असतं? थंडी आहे म्हणून, एवढंच.

सप्टेंबर १८८३ मध्ये वाँटेजला रमाबाईंचा आणि छोट्या मनोरमेचा बाप्तिस्मा झाला. पण बाप्तिस्मा म्हणजे सगळं मान्य, असं या बाईंचं नव्हतं. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्रैक्य का मानायचं, चर्चची प्रत्येक आज्ञा का पाळायची, माझा विवेक मी कुणाकडे गहाण टाकू का, असले प्रश्न. सिस्टर वैतागत, रमाबाई मागे हटत नसत. मला ही पत्रं धीर देतात. देवाशी नातं खोल होणं म्हणजे मान डोलावत बसणं, असं आपल्याला उगाच वाटतं. त्यांचं खोल जाणं वाद घालत घालत झालं.

पुढे अमेरिका. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी गेल्या, तिथे राहिल्या, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक लिहिलं. तिथल्या लोकांनी मदतीसाठी संस्था काढली, दहा वर्षं पैसा देण्याचं ठरवलं. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. सुरुवातीच्या विद्यार्थिनींमध्ये गोदूबाई नावाची एक बालविधवा होती. तिनेच १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, आणि १८९६ मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी स्वतःची संस्था काढली. एका शाळेतून केवढा प्रवाह निघाला बघा.

आणि नेमकं याच काळाबद्दल रमाबाईंनी पुढे १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत एक धक्कादायक कबुली दिली आहे. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षं माझ्याकडे ख्रिस्ती धर्म होता, ख्रिस्त नव्हता. तत्त्वं पटली होती, सेवा चालली होती, आत मात्र समाधान नव्हतं. १८९१ च्या सुमारास विल्यम हॅस्लम नावाच्या इंग्लिश धर्मगुरूचं आत्मचरित्र त्यांच्या हाती आलं. या हॅस्लमची कथा मजेशीर आहे. वर्षानुवर्षं प्रवचनं करणारा, देवळं बांधणारा हा पाळक. १८५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये एका रविवारी व्यासपीठावर उभा राहून बोलता बोलता स्वतःच्याच प्रवचनाने त्याचं मन पालटलं आणि लोक ओरडले की पाळकाचं परिवर्तन झालं! ते वाचून रमाबाईंना आपलं दुखणं ओळखता आलं. आपण देवासाठी बरंच करतोय, पण देवाजवळ जाऊन बसलोच नाही. त्यानंतर जॉर्ज म्यूलर, हडसन टेलर यांची चरित्रं त्यांनी वाचली. म्यूलरने ब्रिस्टलला अनाथाश्रम चालवले ते कुणाकडे पैसे न मागता, फक्त प्रार्थनेवर. तसं हिंदुस्थानात होईल का, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हाच पडला.

आता एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. १८८९ ते १८९१ मधलं रमाबाईंचं काम पोकळ होतं का? मुळीच नाही. गोदूबाईंचं आयुष्य त्याच काळात पालटलं. आतून कोरडं असतानाही दिलेली भाकर भाकरच असते. आपल्या आवडत्या प्रवचनांत हे कुणी सांगत नाही.

मग आतलं नातं खोल झाल्याने फरक काय पडला?

पहिला फरक १८९३ मध्ये दिसला, आणि तो सुखाचा नव्हता. शारदा सदन धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील असं ठरलं होतं. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे मोठे हिंदू सुधारक सल्लागार मंडळावर होते. रमाबाई आपल्या खोलीत मुलीबरोबर प्रार्थना करत, आणि दार उघडं ठेवत. हळूहळू काही विद्यार्थिनी येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, केसरीने झोड उठवली. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी बऱ्याच मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की मी कुणाला बोलावत नाही, पण आलेल्या मुलीला हाकलणार नाही, आणि माझी प्रार्थना दार बंद करून लपवणार नाही.

आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा रानडे-भांडारकर खलनायक असायचे. आता मला तसं वाटत नाही. त्यांनी आपल्या शब्दावर लोकांच्या लेकी तिथे पाठवल्या होत्या. ज्या घरात आपल्याला अन्न आणि आसरा मिळतो, त्या घरातल्या बाईंचा देव एखाद्या अनाथ पोरीला आपलासा वाटू लागला, तर त्यात तिची मर्जी किती आणि मिंधेपणा किती, हे कोण सांगणार? बहुतेक तिलाही सांगता येणार नाही. रमाबाईंच्या सच्चेपणाबद्दल माझ्या मनात शंका नाही, तरी तो प्रश्न त्याने मिटत नाही. आम्ही पहाडावर जातो तेव्हा तोच प्रश्न आमच्याबरोबर जीपमध्ये बसून येतो. ब्लँकेटाबरोबर पत्रक द्यायचं नाही, असं मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते. ब्लँकेट हे ब्लँकेट असू द्या. कुणी आपणहून विचारलं "का आलात", तर खरं उत्तर द्या. शोमरोनी बाईची गोष्टही रमाबाईंना त्यांनी विचारल्यावर सांगितली गेली.

दुसरा फरक चार वर्षांनी दिसला. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्या मध्य प्रांतात होता. राजुरा मात्र नव्हतं. वर्धा नदीच्या पलीकडे इंग्रजी मुलूख, अलीकडे निजामाचं राज्य. राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाच्या आणि मग राज्याच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता, नंतर नांदेडमार्गे १९५९ मध्ये चांद्यात आला. आज आम्ही पुलावरून दिवसातून दोनदा ये-जा करतो ती नदी तेव्हा दोन सरकारांची सीमा होती. भुकेला अर्थातच सीमा कळत नाही.

दुष्काळाची बातमी पुण्यात पोचली तेव्हा रमाबाईंकडे पैसा नव्हता, सल्लागार नव्हते, अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षं संपत आली होती. पण त्यांनी स्वतः दुष्काळात आई-वडील गमावले होते. अनाथ पोरी कुणाच्या हाती लागतात हे त्यांना ठाऊक होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि काही महिन्यांत तीनशेच्या आसपास मुली आणि बायका घेऊन आल्या. हाडं दिसणाऱ्या, आजारी, भेदरलेल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता, एवढ्या लोकांना शहरात ठेवायला परवानगी नव्हती. शारदा सदनाला उत्पन्न असावं म्हणून केडगावला शेतजमीन घेतली होती, तिथे तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या. त्यातून 'मुक्ती' उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या घरात माणसं होती. शेती, विणकाम, तेलाचा घाणा, गोठा, छापखाना, अंधांसाठी शिक्षण, आणि फसवल्या गेलेल्या बायकांसाठी कृपा सदन. हे शेवटचं म्हणजे फुलमचं ते घर, पुन्हा उगवलेलं.

या दुष्काळाच्या थोडं आधीची एक हकिकत त्यांनीच सांगितली आहे. लोणावळ्याला ख्रिस्ती लोकांचं शिबिर होतं. रमाबाई एकांतात प्रार्थनेला बसल्या. त्यांच्या संगतीत देवाकडे वळलेल्या मुली तेव्हा पंधरा होत्या. त्यांना वाटलं, या संख्येचा वर्ग होऊ दे असं मागावं. पंधरा पंधरे दोनशे पंचवीस! त्या वेळी सदनात एवढ्या मुली मुळात नव्हत्याच. गणिताच्या बाईंना शोभेल असं हे मागणं मला फार आवडतं. नंतर दुष्काळातल्या मुली आल्या, आणि आकडा तिथे पोचला.

१८८९ आणि १८९७ शेजारी शेजारी ठेवून बघा. पहिल्या वेळी आधी पैसा जमला, समिती नेमली, नियम ठरले, मग दार उघडलं. समिती गेली तेव्हा सगळं कोसळायची वेळ आली. दुसऱ्या वेळी हातात काहीच नव्हतं आणि त्या पंचवीस वर्षं टिकल्या. माझ्या मते फरक इथे आहे. सेवा सुरू करायला दया पुरते. ती चालू ठेवायला, लोक सोडून गेल्यावर, नाव गेल्यावर, फोटोत आपण नसताना चालू ठेवायला काहीतरी आणखी खालचं लागतं. आड लागतो.

तो आड एकदा खणून झाला असंही नसतं. जानेवारी १९०५ मध्ये मुक्तीत सत्तरेक जणी रोज प्रार्थनेला बसू लागल्या. जूनपर्यंत संख्या पाचशेच्या घरात गेली, आणि त्यानंतर मुलींच्या तुकड्या आसपासच्या गावांत जाऊ लागल्या. म्हणजे आधी जवळ बसणं, मग पाठवणं. पण हे चालू असताना मुक्तीतलं रोजचं काम होतंच, हे लक्षात घ्या. दोन हजार माणसांचा स्वयंपाक रोज होत होता. मरीया आणि मार्था एकाच आवारात राहत होत्या.

शेवटची वर्षं रमाबाईंनी बायबलच्या भाषांतरात घातली. साध्या बाईला कळेल असं सोपं मराठी हवं म्हणून मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. छपाईचं काम मुक्तीच्याच मुलींनी केलं. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक लेक, कामातली उजवा हात. तरी आई मुद्रितं तपासत राहिली आणि काम हातावेगळं करून ५ एप्रिल १९२२ रोजी गेली. ते बायबल १९२४ मध्ये पूर्ण प्रसिद्ध झालं. केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे.

आता थोडं टिळकांबद्दल, कारण आजीला राग येईल :)

नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताची वाट आपल्या विदर्भाच्या बाजूलाच सापडली, हे फार जणांना माहीत नसतं. १८९३ मध्ये राजनांदगावला आगगाडीने जाताना डब्यातल्या एका युरोपीय गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा. लक्ष्मीबाईंना जो धक्का बसला आणि दोघांची जी ताटातूट झाली, ती 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्या सगळ्यांना ठाऊक आहे. नगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये टिळकांनी वीसेक वर्षं काम केलं. शिकवणं, लिहिणं, कीर्तनं, वाटेत दिसलेल्या पोरक्या मुलांना घरी आणणं. (आणल्यावर त्यांना जेवू घालणं लक्ष्मीबाईंकडे. मार्था इथेही होतीच.) आणि १९१७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचं वेतन सोडलं, संन्यास घेतला आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे येशूभक्त एकत्र बसतील अशी त्यांची कल्पना होती. दोन वर्षांतच, मे १९१९ मध्ये ते गेले.

रमाबाई आणि टिळक दोघांच्या आयुष्यात ही गोष्ट सारखी आहे. दोघंही काम करता करता, मधेच केव्हातरी, परत मुळाशी गेले. एक तेहतिसाव्या वर्षी, एक पंचावन्नाव्या. सुरुवातीलाच सगळी शिदोरी बांधून कुणीच निघालं नव्हतं.

आणि हा काही फक्त ख्रिस्ती लोकांचा विषय नाही. कर्व्यांनी देवाधर्माचा फारसा उच्चार न करता आयुष्य झिजवलं. आपल्या या जंगलातल्या दोन जिल्ह्यांत वरोऱ्याचं आनंदवन आहे, १९७३ पासून हेमलकसा आहे. गडचिरोलीत आदिवासींसाठी झटणारे डॉ. अभय बंग यांना १९९५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला आणि इतकी वर्षं बाहेर धावताना आत बघायचं राहिलं, हे त्यांना जाणवलं. 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे त्यांचं पुस्तक आमच्या घरात तीन जणांनी वाचलं, आणि त्यातला एकच ख्रिस्ती पाळक होता. सेवा करणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा हा आड शोधावा लागतो. आम्ही त्याला प्रभूची संगत म्हणतो.

काल संध्याकाळी काकांकडे गेले होते. काकू चहा करत होत्या. मी म्हटलं, "काका, रमाबाई थांबल्या असत्या तर मध्य प्रांतातल्या पोरी मेल्या असत्या."

काका म्हणाले, "आणि बाई आतून रिकाम्या राहिल्या असत्या तर एक्क्याण्णव साली आणल्या असत्या तशा सत्त्याण्णवला आणल्या नसत्या. आणलं असतं तरी सोडून दिलं असतं, आपण सोडलं तसं."

खरं होतं. मी गप्प बसले. मग आतून काकूंनी विचारलं, "त्या म्हातारीचं नाव काय हो?"

आम्हाला दोघांनाही माहीत नव्हतं. दोनदा गेलो, पन्नास फोटो काढले, आणि नाव विचारलं नाही.

त्या प्रश्नानंतर भांडण आपोआप संपलं. ठरलं ते एवढंच. पहाडावरचे सगळे गुडे नाहीत, एकच गुडा. महिन्यातून एकदा, थंडी संपल्यावरही. बॅनर नाही, फोटो नाहीत, पत्रकं नाहीत. जाणाऱ्या प्रत्येकाने त्या आठवड्यात रोज अर्धा तास घरी एकट्याने देवाजवळ बसायचं, आणि निघायच्या दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून. ज्याला बसवत नसेल त्यानेही यायचं, कारण रमाबाईंच्या हिशेबाने तो वाटेत बसायला शिकेल. काकांनी स्वतःचं नाव यादीत पहिलं लिहिलं. त्यांचे गुडघे बघता हे धाडसच आहे. त्या पोराला फोन करून कळवलं तेव्हा तो नुसतं "बरं, बाई" म्हणाला, पण आवाज खूश होता.

येत्या शनिवारी जातोय. म्हातारी असेल की नाही, सांगता येत नाही. तीन हिवाळे म्हणजे त्या वयात पुष्कळ झाले. असली तर आधी तिचं नाव विचारणार आहे, आणि उशीर झाला म्हणून माफी मागणार आहे.

पुण्याच्या मावशी, केडगाव तुझ्याकडून जवळ आहे. पुढच्या सुट्टीत आपण दोघी जाऊन येऊ. आजीला न्यायचं राहिलं, ते राहिलंच.